झेल

सर्वेश : हात खाली घ्या. एवढंच काम आहे. मांडीवर ठेवा, पुस्तकावर ठेवा, खिशात घाला, काय वाटेल ते करा. पण असा वर नको.

सुगत : काल तर तुम्हाला लई आवडला होता.

सर्वेश : काल आवडला होता. आज नाही आवडत.

सुगत : एका रातीत काय झालं?

सर्वेश : ते तुम्हाला काय करायचंय? चित्र माझ्या वडलांचं, उद्या सकाळी शाळेत कार्यक्रम, पाहुणे ठरलेत. तुम्ही रंग आणलेत ना सोबत? मग काढा आणि बसा.

सुगत : रंग आणलेत. कॉलरवर थोडं काम राहिलंय, त्याच्यासाठी आणलेत. हातासाठी न्हाई.

(नांदेडात सर्वेशच्या घराची बैठक. चित्र सोफ्यावर टेकवून ठेवलंय, जणू पाहुणा बसलाय. चित्रात रेणुकादास सर खुर्चीत आहेत. ओठांवर हसू, उजवा हात छातीच्या वर उचललेला, तळवा खाली, बोटं नुकतीच उघडलेली, आणि बोटांच्या टोकांना खडूची पांढरी भुकटी. सर जाऊन वर्ष झालं. देवणीकडच्या ज्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, तिथे त्यांच्या नावाचा वर्ग बांधलाय, आणि त्या वर्गाच्या भिंतीसाठी मुलाने हे चित्र करून घेतलंय. सुगत विष्णुपुरीहून रिक्षाने आलाय. रंगांची पेटी मांडीवर घेऊन तो स्टुलावर बसलाय, आणि आल्यापासून आपल्याला कुणी पाणीही विचारलेलं नाही हे त्याच्या नीट ध्यानात आहे. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे. तिथे सर्वेशची आई, विमलबाई, बरं वाटत नाही म्हणून कालपासून पडून आहेत. बरं नसलेलं माणूस एवढे कान देऊन ऐकत नसतं, पण ते असो.)

सर्वेश : आणि तो हात खालून बघितल्यासारखा का काढलाय? चेहरा समोरून, हात खालून. आमच्या ऑफिसातला एकजण बघताक्षणी म्हणाला, पेंटरचं इथे चुकलंय.

सुगत : चुकलं न्हाई. मी जिथं उभा होतो तिथून तसाच दिसायचा.

सर्वेश : कुठे उभे होता? मी तुम्हाला पासपोर्टचा फोटो दिला होता. त्यात हात कुठे होते?

सुगत : नव्हतेच. म्हणून तर तुम्ही म्हणालात, हात तुमच्या मनाने काढा. मनाने काढला.

सर्वेश : तुम्ही बाबांना ओळखत होता?

सुगत : तुम्ही आधी सांगा, एका रातीत काय झालं.

सर्वेश : काय व्हायचंय. मी चित्राचा फोटो काढला आणि बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘सरांचा आशीर्वाद’. अहो, माझी आत्या काल त्या हाताखाली डोकं टेकवून रडली. शेजारचे येऊन पाया पडून गेले. आणि ग्रुपवर कोणी एक आनंदराज आहे, त्याने खाली एकच शब्द लिहिला. ‘झेल’.

सुगत : आनंद्या. अजून पण जास्त बोलत न्हाई.

सर्वेश : मग त्याच्यामागून सगळे तेच लिहायला लागले. कोणी झेल, कोणी नुसतं हसतंय, एकाने तर क्रिकेटचा चेंडू टाकला. मला काही कळेना. आईने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि आत जाऊन पडली. जेवली नाही. विचारलं तर एवढंच म्हणाली, तो हात काढून टाक.

सुगत : बाईंना कळलं म्हणायचं.

सर्वेश : काय कळलं? तुम्ही त्या आनंदराजला कसे ओळखता?

सुगत : एका बाकावर बसायचो. मागच्या. तुमच्या वडलांच्या वर्गात.

सर्वेश : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलताय, फोटो घेताय, बाबांबद्दल विचारताय, आणि तोंडातून एक अक्षर नाही.

सुगत : तुम्ही प्रदर्शनात माझ्या आईचं चित्र बघितलं आन म्हणालात, असंच माझ्या वडलांचं करा. फोटो काढून दाखवलात, म्हणालात, निव्वळ देवमाणूस. मी म्हणलं, चेहरा चांगला हाय. खोटं बोललो का? चांगलाच हाय.

सर्वेश : झेल म्हणजे काय ते सांगा.

सुगत : ती टीपॉयवरची गाडीची किल्ली देता?

सर्वेश : कशाला? ही घ्या.

सुगत : बघा, ‘घ्या’ म्हणालात आन हातात ठेवलीत. ध्यानात असू द्या. आता तुम्ही ओंजळ करा.

सर्वेश : हा काय पोरखेळ लावलाय?

सुगत : झेल म्हंजी काय ते विचारलंत ना? करा ओंजळ. अजून खाली. हां. झेल.

सर्वेश : पाडलीत.

सुगत : मी कुठं पाडली? तुम्हाला झेलता आली न्हाई.

सर्वेश : माझा हात पोचायच्या आधीच वरून सोडलीत तुम्ही.

सुगत : उचला. वाकलात? आता तसेच ऱ्हावा, उठू नका. तिथून वर बघा, माझ्या हाताकडं. बघितलात? आता चित्राकडं बघा.

सर्वेश : तोच हात आहे.

सुगत : तोच. फळ्यावर बोलावलं की सर खडू द्यायचे. तुमच्या आळीतल्या पोराला म्हणायचे, घे. आम्हाला म्हणायचे, झेल. शिवाशिव व्हायला नको म्हणून वीतभर वरून सोडायचे. ओरडायचे न्हाईत, मारायचे न्हाईत, तोंडावर हसू असायचं. हेच. हे काढलंय तेच हसू. आम्हाला वाटायचं खेळ हाय. आनंद्या तर लई भारी झेलायचा, एका हाताने.

सर्वेश : खडू कुठे आहे मग चित्रात?

सुगत : सुटलाय. खाली पडून राहिलाय. चौकटीच्या बाहेर.

सर्वेश : खोटं आहे हे. बाबांनी घरात कधी कोणाची जात काढली नाही. माझे मित्र यायचे सगळ्या प्रकारचे. आम्ही असलं काही मानत नाही. पण तुम्हा लोकांना ना, कुठेही तेच दिसतं. एखाद्याची लकब असते साधी, तिचंही तुम्ही लोक राजकारण करता.

सुगत : तुम्ही लोक म्हंजी कोण?

सर्वेश : तुम्ही म्हणजे तुम्ही. चित्रकार.

सुगत : चित्रकार लोक. बरं.

सर्वेश : हे बघ, शब्दात पकडू नकोस मला.

सुगत : आत्तापर्यंत ‘तुम्ही’ होतो. शाळा सांगितली, बाक सांगितला, की ‘तू’ झालो. फळ्याजवळ पण असंच व्हायचं.

सर्वेश : उपकार विसरतोयस. कोणाकडून शिकलास चित्रकला? माझ्या बापाकडूनच ना? त्यांनी शिकवलं म्हणून इथवर आलास.

सुगत : शेडिंग त्यांनीच शिकवलं. ते खरं हाय. उजेड कुठून पडतो ते आधी बघा, मग पेन्सिल टेकवा, हे त्यांचं वाक्य अजून माझ्या डोक्यात हाय. पण इथवर त्यांनी न्हाई आणलं. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं म्हणलं, तर म्हणाले, कशाला, तुझ्या हाताला बोर्ड रंगवायचं काम मिळंल तेवढं पुरे. बसू दिलं न्हाई. मग किनवटच्या होस्टेलात गेलो, तिथल्या भिंती कोळशाने काळ्या केल्या आन वॉर्डनचा मार खाल्ला. मग बी-बियाण्याच्या जाहिराती, गावोगावच्या भिंतींवर. शिडीवरून पडलो, मनगट मोडलं. हे बघा, अजून पुरतं वळत न्हाई. बोर्ड रंगवायला लागलो तर फ्लेक्स आलं, बोर्ड बंद. परीक्षा बाहेरून दिल्या, पोरांच्यात म्हातारा बसल्यासारखा. देगलूरला एकाने देवीचं चित्र करून घेतलं. डोळे बघून त्याची बायको रडली. मग आडनाव विचारलं. म्हणाले, देवघरात कसं लावायचं, तुमच्या हातचं हाय. परत आणली देवी. अजून माझ्या खोलीत हाय. भाडं मी भरतो, राहते ती.

सर्वेश : याचा बाबांशी काय संबंध? जगाचा राग माझ्या बापावर काढायला निघालास. सूड घेतलास तू, मेलेल्या माणसावर.

सुगत : सूड घ्यायचा असता तर चेहरा बिघडवला असता. कुणाला कळलं पण नसतं. बघा तो चेहरा. माया न्हाई दिसत तुम्हाला?

विमल : सर्वेश, आवाज खाली कर. शेजारी ऐकतायत.

सर्वेश : आई, तू कशाला उठलीस?

विमल : आडवं पडून किती ऐकायचं? सरजाबाईचा ना तू? शाळेचं अंगण सारवायला यायची ती.

सुगत : हाव. सुगत. बाई, मराठीला तुम्ही होतात आम्हाला.

विमल : माहीत आहे मला मी कुठे होते. काल चित्राखालची सही वाचली आणि म्हटलं, सुगत नावाची पोरं पुष्कळ असतील. मग तो हात बघितला.

सुगत : मग जेवण गेलं न्हाई.

विमल : माझ्या जेवणाची काळजी तू करू नकोस. एक सांग मला. ते जिवंत होते तेव्हा का नाही आलास? तोंडावर बोलायचं होतंस. त्यांनी उत्तर दिलं असतं. आता भिंतीवर टांगून ठेवतोयस, तिथून ते काय बोलणार?

सुगत : आलो होतो बाई. ह्याच दारात. राज्याचं बक्षीस मिळालं तवा पेढे घेऊन आलो होतो. दार तुम्ही उघडलं. सर इथंच बसले होते, ह्या सोफ्यावर. म्हणाले, वा, ठेव तिथं स्टुलावर. मी ठेवले. ते म्हणाले, बोर्डाचं काम कसं चाललंय?

सर्वेश : आई, हे खरंय?

विमल : माणसाला म्हातारपणी आठवत नाही कोण काय करतं ते.

सुगत : बक्षीस चित्राचं हाय ते मी पेढे ठेवतानाच सांगितलं होतं. बरं, सोडा. पेढे खाल्ले का तुम्ही?

विमल : कामवालीला दिले.

सुगत : चांगलं केलं. तिच्या पोरांनी तरी खाल्ले असतील.

विमल : तुझ्या तोंडाला धार आहे. तेव्हा नव्हती.

सुगत : तेव्हा हात कामात असायचे. झेलायला.

विमल : ऐक आता माझं. ते कोणाचं वाईट चिंतणारे नव्हते. ज्या घरात वाढले तिथे तशीच रीत होती. सासूबाईंनी त्यांना तसं शिकवलं, मला तसं शिकवलं. हात तसाच पडायचा. त्यात त्यांचा राग नव्हता, द्वेष नव्हता.

सुगत : मी कुठं द्वेष काढलाय? हसरे काढलेत.

विमल : तेच तर. रागीट काढले असतेस तर मी म्हटलं असतं, पोराने खोटं काढलंय. हे हसू खरं आहे म्हणून तो हात सहन होत नाही मला.

सर्वेश : आई, तू पण.

विमल : काल सगळे येऊन त्या हाताला नमस्कार करून गेले. मी इथे उभी होते. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्ही पण टेकवा की डोकं. मला नाही टेकवता आलं. सगळ्यांना आशीर्वाद दिसतो, मला ते दिसतं.

सुगत : मग चित्र बरोबर जमलंय म्हणायचं.

विमल : कौतुक नाही करत मी तुझं.

सर्वेश : पुरे झालं. मी सोमेश पेंटरला फोन करतो. तासाभरात येईल आणि तो हात बुजवून टाकेल. वर शाल काढ म्हणेन, नाहीतर पुस्तक.

सुगत : बुजवा. चित्र तुमचं हाय. पण खाली माझी सही हाय, ती पण बुजवा. ग्रुपवर टाकलेला फोटो पण बुजवा. आन आनंद्याला सांगा, तू झेलला न्हाईस म्हणून.

सर्वेश : तुला एवढं काय पडलंय त्या हाताचं? दुसरीकडे काढ की. तुझ्या आईच्या शेजारी लाव, प्रदर्शनात लाव. आमच्याच भिंतीवर का?

सुगत : कारण त्या शाळेत भिंतीवर दर शनिवारी चित्रं लागायची. सर निवडायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत माझं एक पण लागलं न्हाई. देवणी वळू काढला होता, काळे ठिपके ओल्या कागदावर सोडून. आनंद्या म्हणाला, हे लागणार. सर म्हणाले, छापलंयस. म्हणून हे काम घेतलं. मला ती भिंत पाहिजे. आन तिथं लावायचं तर जे बघितलं तेच लावीन. नुसतं गोड काढून द्यायला बाजारात फोटोवाले हायत.

विमल : आणि खाली बसणारी पोरं? त्यांनी काय बघायचं?

सुगत : ज्याला आशीर्वाद दिसंल त्याने आशीर्वाद बघावा. मी काही खाली लिहून न्हाई ठेवलं. सगळ्यांना थोडंच कळतं. तुमच्या मुलाला न्हाई कळलं. त्याला किल्ली उचलायला लागली तवा कळलं.

सर्वेश : मला काहीही कळलेलं नाही. आई, तू सांग याला. शेवटचं सांग.

विमल : सुगत, मी हात जोडणार नाही तुझ्यापुढे.

सुगत : जोडू पण नका.

विमल : पण दुसरा हात काढता येईल तुला? त्याच खुर्चीत, त्याच उजेडात?

सुगत : काढता येईल. आत्ता बसून काढतो, कार्यक्रमाआधी वाळंल न वाळंल ते बघता येईल. फक्त एक अडचण हाय. मी बघितल्याशिवाय काढत न्हाई. सर माझ्या हातात काही देतात, तवा त्यांचा हात कसा असतो, ते मी कधी बघितलं न्हाई. तुम्ही बघितलंय. घरात सर्वेशरावांना पेन्सिल द्यायचे, पाटी द्यायचे, ताट द्यायचे. तसा हात मला करून दाखवा. मी काढतो.

सर्वेश : बस, एवढंच ना? आई, दाखव. तुझा हात त्यांच्यासारखाच आहे, सगळे म्हणतात. याच्यापुढे हात कर आणि दे काहीतरी.

सुगत : हा ब्रश घ्या बाई. पेटीवरचाच उचला. आता समजा, मी पाचवीतला हाय, फळ्याजवळ आलोय, आन सर मला ब्रश देतायत. घे म्हणून. द्या.

विमल : असा द्यायचे. तळवा असा, आणि—

सर्वेश : आई, एवढा वर का धरलास?

विमल : कुठे वर धरलाय?

सर्वेश : बघ ना. त्याचा हात खाली आहे, तुझा वर आहे. जरा खाली ने.

विमल : नेते. नेतेच आहे.

सर्वेश : आई.

विमल : ओरडू नकोस. मला दिसतंय.

सुगत : मी थांबतो बाई. मला घाई न्हाई. मॉडेलचा हात अवघडतो कधी कधी.

विमल : सोमेशला फोन करू नकोस, सर्वेश.

सर्वेश : म्हणजे?

विमल : म्हणजे तो हात राहू दे. आहे तसा.

सर्वेश : आणि लोक? तो ग्रुप? उद्या तिथे समोर बसून सगळे ते बघणार.

विमल : बघू देत. ते धरायचे तसाच काढलाय याने. खोटा काढला असता तर मला आत्ता दुसरा दाखवता आला असता. मी उद्या येणार नाही कार्यक्रमाला. माझ्या नावाची खुर्ची काढून टाक पुढून.

सुगत : तुम्ही यायला पाहिजे बाई.

विमल : तू मला सांगू नकोस कुठे यायचं ते. तुला भिंत पाहिजे होती, मिळाली. सहीसकट मिळाली. आता कॉलरचं काय राहिलंय ते कर आणि जा.

सुगत : करतो की. पण ब्रश तुमच्याकडं हाय.

विमल : हो. हा.

सुगत : खाली, बाई. मी आता झेलत न्हाई.

सर्वेश : आई, माझ्याकडे दे. मी देतो त्याला.

विमल : तू मध्ये पडू नकोस. माझा राग गेलेला नाही, सुगत.

सुगत : माझा पण न्हाई.

विमल : घे.